झेडएफएसचा बग: सेटिंग बदलायचं की सिस्टिम अपडेट?

नोव्हेंबर २०२३ मधला ओपनझेडएफएसचा (डिस्कवर फाइल्स साठवणारी फाइल सिस्टिम) बग आठवतोय ना, नुकत्याच लिहिलेल्या फाइलची लगेच कॉपी केली तर क्वचित मधला डेटा शून्य होऊन यायचा, आणि चेकसम (डेटा बिघडला का हे ओळखायचा आकडा) बरोबर असल्यामुळे स्क्रबलाही, म्हणजे सगळा डेटा वाचून तपासणाऱ्या फेरीलाही, काही सापडायचं नाही, हे खरं भयंकर! झेडएफएस वापरणाऱ्या फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांना दोन वाटा होत्या. एक, sysctl (चालू सिस्टिमची सेटिंग बदलायची कमांड) वापरून झेडएफएसचं dmu_offset_next_sync हे सेटिंग शून्य करायचं, रीबूट नको, सर्व्हर चालूच राहतो, पण त्याने धोका फक्त कमी होतो, जात नाही. दुसरी, freebsd-update ही अपडेटची कमांड चालवून पॅच (दुरुस्ती) घ्यायचा आणि रीबूट करायचं. माझ्या मते पॅचच घ्या, सेटिंग फार तर रीबूटची वेळ मिळेपर्यंत. तेव्हा फ्रीबीएसडीच्या १३.२ आवृत्तीवर असलेल्यांसाठीही पॅच आला होता, त्यासाठी १४.० वर उडी मारायची गरज नव्हती. आधीच बिघडलेल्या कॉप्या मात्र दोन्हीने दुरुस्त होत नाहीत, मूळ फाइलशी ताडून बघा.