३०३ प्रोटेक्टंट: कोकणच्या उन्हात प्लास्टिकच्या कयाकसाठी कितपत उपयोगी?

परदेशातल्या कयाकवाल्यांच्या बोलण्यात ‘३०३’ हे नाव इतके सहज येते, की नवी कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद छोटी होडी, घेताना ही बाटलीही सोबत घ्यायचीच असते असे वाटू लागते. प्लास्टिक-रबराला उन्हापासून जपण्यासाठीचे, अमेरिकेतल्या गोल्ड ईगल कंपनीचे हे फवारायचे औषध आधी ‘एअरोस्पेस प्रोटेक्टंट’ या नावाने प्रसिद्ध झाले आणि नौकांसाठी ते ‘मरीन’ या नावानेही विकले जाते. देवबाग-तारकर्लीच्या पट्ट्यात, कर्लीच्या खाडीकाठी पर्यटकांसाठी ठेवलेल्या सिट-ऑन-टॉप, म्हणजे आत न शिरता वरच बसायच्या, कयाकवर मी ते वापरत आलो आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो: औषध चांगले आहे, परंतु ते सावलीला पर्याय नाही आणि उन्हाने खाल्लेली कयाक त्याने पुन्हा नवी होत नाही.

हे मत पटण्यासाठी ऊन नेमके काय करते ते पाहावे लागेल. बाजारातल्या बहुतेक प्लास्टिकच्या कयाक पॉलिथिलीनच्या असतात आणि त्या रोटोमोल्डिंगने, म्हणजे साच्यात पूड घालून तो साचा भट्टीत फिरवत ठेवून घडवलेल्या असतात. आपल्या गच्चीवरच्या पाण्याच्या काळ्या टाक्याही याच पद्धतीने होतात. त्यांच्यासाठी आयएस १२७०१ हे भारतीय मानकच आहे. शुद्ध पॉलिथिलीन जमिनीवर पोहोचणारे अतिनील किरण फारसे शोषून घेत नाही. तथापि घडवताना भट्टीच्या उष्णतेने त्यात झालेले किंचित ऑक्सिडीकरण आणि उत्प्रेरकाचे उरलेले अंश मात्र ते किरण पकडतात. तिथून मुक्त मूलके, म्हणजे चटकन अभिक्रिया करणारे अस्थिर रेणू, तयार होतात, ती हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतात आणि लांबलचक रेणूसाखळ्या तुटत जातात. पृष्ठभागापासून सुरू झालेली ही झीज आधी रंग घालवते, मग लवचीकपणा आणि शेवटी बारीक तडे पाडते. कारखानदार हे ओळखून प्लास्टिकमध्येच स्थिरक मिसळतात. त्यांपैकी ‘हॅल्स’ या गटातले स्थिरक किरण अडवीत नाहीत, तर तयार झालेली मूलके निकामी करतात. ‘यूव्ही ८’ असे लिहिलेले दिसते त्याचा अर्थ, प्रयोगशाळेतल्या कृत्रिम उन्हात ८,००० तास काढल्यावर त्या प्लास्टिकची ताणले जाण्याची क्षमता मूळच्या निम्मी तरी शिल्लक राहते. हे तास यंत्रातले आहेत, किनाऱ्यावरचे नाहीत, हे विक्रेते सांगत नाहीत.

किनाऱ्यावरचे ऊन तर वेगळेच. मालवणच्या अक्षांशावर मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सूर्य ऐन माध्यान्ही थेट डोक्यावर येतो, आणि मार्च ते मे या काळात दुपारचा अतिनील निर्देशांक ११ च्या वर, म्हणजे ‘अत्यंत तीव्र’ या वर्गात जातो. वरून येणाऱ्या उन्हात खालच्या वाळूवरून परतणारे ऊन मिसळते. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के अतिनील किरण परावर्तित करते. पातळ ढगांतूनही बहुतांश अतिनील किरण खाली येतात, त्यामुळे मळभ आले म्हणून कयाक वाचली असे समजण्यात अर्थ नाही.

आपल्या कयाकचे काय झाले आहे ते पाहण्यासाठी यंत्र लागत नाही. कयाकवर पूर्वी लावलेला नंबराचा किंवा जाहिरातीचा एखादा स्टिकर असेल तर तो सोलून काढावा. त्याखाली मूळ रंगाचा चौकोन दिसतो आणि भोवतालचा रंग त्या मानाने किती उतरला आहे हे झटकन कळते. लाल आणि नारिंगी रंग यात सर्वांत आधी हार मानतात, असे मी पाहत आलो आहे. दुसरी खूण तळहाताची. कोरड्या तळावरून हात फिरवल्यावर त्याला खडूसारखी पांढुरकी भुकटी लागली, तर वरचा थर मेला आहे. अशा कयाकचा स्कपर होलजवळचा (वर साचलेले पाणी खाली जाण्यासाठीच्या आरपार भोकांजवळचा) आणि पट्ट्या अडकवण्याच्या कड्यांभोवतीचा भाग नखाने दाबून नीट तपासावा, कारण ताण तिथेच पडतो आणि पहिला तडा बहुधा तिथेच जातो.

आता औषधाविषयी. बाटलीतला द्रव दुधाळ असतो, पाण्यावर आधारलेला असतो, त्याला वास जवळजवळ नसतो आणि वाळल्यावर पृष्ठभाग तेलकट लागत नाही. मोटारीच्या डॅशबोर्डसाठी गल्लोगल्ली मिळणाऱ्या सिलिकॉन-तेलाच्या चकचकीत पॉलिशपेक्षा ते याच बाबतीत सरस आहे, कारण तेलकट कयाकवर तारकर्लीची बारीक वाळू अशी चिकटते की ती पुसता पुसता कयाकवर ओरखडेच उठतात. लावण्याची रीत सोपी आहे, पण घाई केली तर काम वाया जाते. कयाक गोड्या पाण्याने धुऊन, भांड्यांच्या साबणाने मिठाचा आणि शेवाळाचा थर काढून, पूर्ण कोरडी करावी. मग सावलीत, प्लास्टिक हाताला गार लागत असताना, थोड्या थोड्या भागावर फवारून मायक्रोफायबरच्या कापडाने पसरावे आणि दुसऱ्या कोरड्या कापडाने तो भाग पार कोरडा होईपर्यंत पुसत राहावे. फवारून तसेच सुकू दिले तर पांढरे ओघळ आणि डाग राहतात. उन्हात तापलेल्या कयाकवर तर ते पसरण्याआधीच वाळते. समुद्रावरून ओलसर वारा येत असला की पुसण्याचे काम जरा लांबते, म्हणून मी सकाळची साडेदहा-अकराची वेळ आणि पडवीतली जागा पसंत करतो. हे काम खाडीच्या काठावर, पाण्याला लागून करू नये. कापड पिळलेले पाणी कांदळवनात जाण्याचे काही कारण नाही.

नवी किंवा थोडीच वापरलेली कयाक असेल तर याने रंगाला मंद, ओढूनताणून न आणलेली झळाळी येते आणि चिखल, मासळीचे रक्त, शेवाळ लवकर निघते. हा दुसरा फायदा मला अधिक रोजच्या कामाचा वाटतो. अतिनील किरणांपासून किती संरक्षण मिळाले हे मात्र डोळ्यांनी दिसत नाही. झळाळी टिकली म्हणजे संरक्षण टिकले, असे धरून चालता येत नाही. कंपनीच सांगते की बाहेर उन्हात राहणाऱ्या वस्तूंवर दर तीन ते पाच आठवड्यांनी पुन्हा लावावे. ऑक्टोबर ते मे हा आपला हंगाम धरला तर एका कयाकमागे सात ते बारा वेळा हे काम निघते. एका कयाकच्या मालकाला ते जड नाही. भाड्याने कयाक देणाऱ्याकडे हंगामात माणसाला जेवायलाही फुरसत नसते, तिथे हे वेळापत्रक कागदावरच राहण्याची शक्यता जास्त.

भुकटी सुटू लागलेल्या कयाकवर ते लावले तर रंग गडद दिसतो, आणि ग्राहकाला वाटते की कयाक परत आली. प्रत्यक्षात खडबडीत झालेल्या पृष्ठभागावर पातळ थर बसल्याने प्रकाश कमी विखुरतो, एवढेच घडते. तुटलेल्या रेणूसाखळ्या जुळत नाहीत. हीट गनने वरचा थर वितळवून रंग परत आणण्याची युक्ती काही जण सांगतात. रंग खरेच परत येतो, पण संपलेला स्थिरक येत नाही आणि हात एका जागी थांबला की तळ वाकतो. रंग देण्याचा विचारही सोडून द्यावा. पॉलिथिलीनची पृष्ठीय ऊर्जा इतकी कमी असते की साधा तेलरंग त्यावर धरत नाही, पापुद्रे सुटतात. आपल्याकडे लाकडी होडीला माशाचे किंवा काजूच्या टरफलाचे तेल पाजण्याची जुनी पद्धत आहे, आणि ती पाहून कुणी तरी कयाकलाही ‘तेल पाज’ असा सल्ला देतोच. लाकडात तेल मुरते. इथे ते फक्त धूळ गोळा करते. फायबरच्या होडीच्या जेलकोटवर, म्हणजे बाहेरच्या गुळगुळीत थरावर, चालणारे वॅक्सही पॉलिथिलीनवर नीट बसत नाही.

एक सावधगिरी मी कटाक्षाने पाळतो. बसण्याची खोलगट जागा, पाय टेकवण्याच्या पायऱ्या आणि वल्ह्याचा दांडा यांवर हे औषध लावत नाही. ओल्या पायाने चढणाऱ्या पाहुण्याला तिथे खडबडीतपणाच हवा असतो.

खर्चाचा हिशेब केला, तर माझा पहिला पैसा सावलीवर जाईल. नारळाच्या झापांनी शाकारलेली, चारी बाजूंनी वारा खेळणारी खोप ही आयात केलेल्या कितीही बाटल्यांपेक्षा भारी आहे. शेडनेट घ्यायचे तर ७५ टक्के किंवा अधिक सावलीचे घ्यावे आणि ते कयाकपासून हातभर वर बांधावे. निळी ताडपत्री थेट कयाकवर आवळून बांधणे हा आपल्याकडचा सर्रास प्रकार आहे, आणि तो मला सर्वांत वाईट वाटतो. आत उष्णता कोंडते, मऊ झालेला तळ दोरीच्या किंवा आधाराच्या जागी खोलगट बसतो, ओल अडकून बुरशी धरते, शिवाय ती ताडपत्रीही पॉलिथिलीनचीच असल्याने उन्हात पिंजून तिचे तुकडे वाळूत पसरतात. कयाक कुशीवर किंवा पालथी, रुंद आधारांवर ठेवावी. पालथी ठेवलेल्या कयाकचा तळच वर येतो, म्हणून सावली अपुरी असेल तर औषधाचा पहिला मान तळाला द्यावा. पाण्यात असताना ऊन डेकवर, म्हणजे वरच्या बाजूवर, पडते, पण ते काही तासच.

तेव्हा पडवी किंवा खोप असलेल्याने लहान बाटली घेऊन महिन्याकाठी हात फिरवला तरी पुरे. हंगामभर कयाक पुळणीवरच ठेवावी लागणाऱ्याने ९४६ मिलीची मोठी बाटली घ्यावी आणि वेळापत्रक पाळण्याची तयारीही ठेवावी. जिची भुकटी हाताला लागते त्या कयाकवर मात्र पैसे घालू नयेत. तिला खोल पाण्यापासून दूर, खाडीच्या उथळ भागातच वापरावे.

हॅचच्या, म्हणजे सामान ठेवायच्या कप्प्याच्या, झाकणाचे रबर आणि त्याची कड यांवर हे औषध मला कयाकच्या तळापेक्षाही अधिक उपयोगी वाटले. रबर मऊ राहते आणि झाकण नीट बसते. सीटच्या पट्ट्या आणि डेकवरचे इलास्टिक दोर यांच्या बाबतीत मी औषधावर विसंबत नाही. कापडी पट्टी बोटात दुमडल्यावर तिचे तंतू कुरकुरून तुटू लागले की ती बदलून टाकतो.