प्रॉक्समॉक्सवरचे लिनक्स टेम्प्लेट: एका पावसाळ्यासह आठ महिन्यांच्या वापरानंतर

रत्नागिरीत दोन नोड, कुडाळला एक वेगळा. नोड म्हणजे व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालवणारा सर्व्हर. तिन्हींवर त्यासाठीची प्रणाली प्रॉक्समॉक्स ८, डिस्क एलव्हीएम-थिनवर, म्हणजे लागेल तेवढीच जागा देणाऱ्या सामायिक साठ्यावर (थिन पूल). टेम्प्लेट, म्हणजे ज्यावरून नव्या व्हीएम (क्लोन) काढायच्या तो साचा, तीन: डेबियन १२, उबंटू २४.०४ आणि आल्मालिनक्स ९. मार्चपासून, म्हणजे अख्खा पावसाळा धरून, आठ महिन्यांचा हा वापर. डेबियनचं टेम्प्लेट सगळ्यांत बिनघोर चाललं. आल्माला बनवतानाच जास्त काळजी घ्यावी लागते. पण टेम्प्लेट बनवण्याच्या बहुतेक कृती एक गोष्ट धरून चालतात, की नवी व्हीएम पहिल्यांदा उठेल तेव्हा नेट असेल. कोकणात जून ते सप्टेंबर असं धरून चालता येत नाही. झाड पडलं, रस्त्याच्या कामात खोदाई झाली, की फायबर गेली. म्हणून इथल्या टेम्प्लेटमध्ये लागणारं सगळं आधीच भरलेलं हवं आणि मशीनची ओळख सांगणारं काहीही त्यात उरता कामा नये.

पहिला धडा क्लाउड-इनिटच्या, म्हणजे पहिल्या बूटला व्हीएमची मांडणी करणाऱ्या प्रोग्रामच्या, ‘सीआयअपग्रेड’ या सेटिंगचा. पहिल्या बूटला सगळी पॅकेजेस अपग्रेड करण्याचा हा पर्याय मुळातच चालू असतो. नेट चांगलं असेल तर कळतही नाही. नेट रांगत असेल तेव्हा व्हीएम उठलेली दिसते, एसएसएचने आत जाता येतं, पण काही इन्स्टॉल करायला गेलं की एपीटीचं (पॅकेज बसवणाऱ्या साधनाचं) कुलूप दुसऱ्याच प्रक्रियेकडे असल्याचा निरोप येतो. ती प्रक्रिया मारून टाकू नये. डीपीकेजीचं (एपीटीखालच्या पॅकेज-यंत्रणेचं) काम अर्धवट राहतं आणि मग ते निस्तरत बसावं लागतं. टेम्प्लेटवरच हे सेटिंग शून्य करून ठेवावं आणि पॅकेजेस आधीच आत घालावीत: क्यूईएमयू गेस्ट एजंट (व्हीएमच्या आतून प्रॉक्समॉक्सशी बोलणारा), क्रोनी (घड्याळ जुळवणारा), आरसिंक, कर्ल, शिवाय आपल्या कामाचं जे असेल ते. गेस्ट एजंट विसरलात तर प्रॉक्समॉक्सच्या पडद्यावर व्हीएमचा आयपी दिसत नाही आणि बॅकअप घेताना फाइलसिस्टिम क्षणभर गोठवली जात नाही. डेटाबेस असलेल्या व्हीएमला हे महागात पडतं.

पॅकेजेस घालण्यासाठी व्हीएम चालू करून हाताने काम करण्यापेक्षा लिबगेस्टएफएसमधलं, बंद डिस्कमध्येच बदल करणारं व्हर्ट-कस्टमाइझ बरं. क्लाउड प्रतिमा (तयार मिळणारी डिस्क) उतरवायची, चेकसम ताडून बघायचा, तिची प्रत काढायची आणि त्या प्रतीवरच काम करायचं. आल्मासाठी एसईलिनक्सचं (फाइलींवरच्या लेबलांवरून परवानगी देणाऱ्या सुरक्षेचं) रीलेबल व्हायलाच हवं, नाहीतर बदललेल्या फाइलींची लेबलं चुकीची राहतात आणि सेवा उठत नाहीत.

आता मशीन-आयडी, म्हणजे प्रत्येक मशीनचा वेगळा ओळखक्रमांक. यावर सगळ्यांत जास्त वेळ जातो. ‘ईटीसी’ फोल्डरातली ही फाइल टेम्प्लेटमध्ये भरलेली राहिली, तर सगळे क्लोन एकच आयडी घेऊन उठतात. सिस्टमडी-नेटवर्कडी (नेटवर्क जोडणारी सेवा) आयपी वाटणाऱ्या डीएचसीपीला आपली ओळख मॅक पत्त्यावरून नव्हे, तर या आयडीवरून काढून देतं. म्हणून मॅक वेगळे असूनही दोन व्हीएमना एकच आयपी मिळतो आणि शोध घेणारा माणूस राउटरला दोष देत बसतो. फाइल पुसून टाकू नये, रिकामी करावी. नवा आयडी सिस्टमडी बूट होताना भरतं. इथे एक छुपी अडचण आहे. व्हर्ट-कस्टमाइझला ही फाइल रिकामी दिसली, की सुरुवातीलाच ते स्वतः नवा आयडी भरतं. म्हणजे काम पुरं झाल्यावर ‘एक पॅकेज राहिलं’ म्हणून ते पुन्हा चालवलं, की आयडी परत आलाच. दर वेळी आज्ञेच्या शेवटी फाइल रिकामी करण्याची पायरी हवीच.

एसएसएचच्या होस्ट किल्ल्याही टेम्प्लेटमधून काढाव्यात. नव्या व्हीएमवर क्लाउड-इनिट त्या ताज्या करतं. मात्र प्रॉक्समॉक्स क्लाउड-इनिटला देतं तो इन्स्टन्स-आयडी वापरकर्त्याच्या आणि नेटवर्कच्या माहितीवरून काढलेला असतो. चालू व्हीएमचा आयपी किंवा डीएनएस नंतर प्रॉक्समॉक्सच्या क्लाउड-इनिट पानावरून बदलला, की हा आयडीही बदलतो. पुढच्या बूटला क्लाउड-इनिट तिला नवं मशीन समजतं आणि होस्ट किल्ल्या पुन्हा बनवतं. मग एसएसएच ‘होस्टची ओळख बदलली आहे’ असं बजावतं आणि कुणीतरी घुसल्याचा संशय येतो. पत्ता क्लोन काढल्यावर, पहिल्या बूटच्या आधीच ठरवून द्यावा.

बाकी बांधणी थोडक्यात. व्हीएम क्रमांक ९००० पासून, २ जीबी रॅम, व्हर्टआयओ स्कझी सिंगल कंट्रोलर, डिस्कवर डिस्कार्ड आणि आयओ-थ्रेड चालू. डेबियनच्या ‘जेनेरिकक्लाउड’ प्रतिमेतल्या कर्नलमधून खऱ्या हार्डवेअरचे बरेच ड्रायव्हर वगळलेले असतात, म्हणून क्लाउड-इनिटची सीडीही स्कझीवरच जोडावी. सीरियल कन्सोल द्यावा. नेट न लागलेल्या व्हीएममध्ये शिरायची तीच वाट. डिस्क टेम्प्लेटमध्ये लहानच ठेवायची, कारण वाढवता येते, कमी करता येत नाही. क्लोनची डिस्क वाढवली की रूट विभाग बूट होताना आपोआप पसरतो. आयएसओवरून बनवलेल्या टेम्प्लेटमध्ये रूटच्या मागे स्वॅप विभाग असेल तर तो पसरत नाही. स्वॅप फाइलच करावी.

सीपीयूचा प्रकार मात्र बघून घ्या. वेब पानावरून व्हीएम केली तर प्रॉक्समॉक्स ८ एक्स८६-६४-व्ही२-एईएस सुचवतं. कमांडवरून केली आणि काही लिहिलं नाही तर जुनाच केव्हीएम६४ मिळतो. आल्मा ९ ला किमान व्ही२ लागतं, त्यामुळे केव्हीएम६४ वर ते उठताना कर्नल पॅनिकवरच थांबतं. ‘होस्ट’ प्रकार वेगवान असतो, पण दोन नोडचे प्रोसेसर वेगवेगळ्या पिढीचे असतील तर चालू व्हीएम हलवताना फसते.

लिंक्ड क्लोन (पूर्ण प्रत न काढता टेम्प्लेटच्याच डिस्कवर उभा राहणारा) काही सेकंदांत होतो, चाचणीसाठी तोच. कायमच्या कामाला पूर्ण क्लोन. थिन पूलवर मात्र नजर हवी. तो भरला की त्यावरच्या सगळ्याच व्हीएमना लिहिताना चुका येतात. एफएसट्रिमचा साप्ताहिक टायमर टेम्प्लेटमध्येच चालू ठेवल्याने मोकळी जागा पूलला परत मिळत राहते.

लाइट जाऊन आल्यावर सगळ्या व्हीएम एकदम उठल्या तर डिस्क गुदमरते. सुरू होण्याचा क्रम आणि ६० सेकंदांचं अंतर दिल्यावर हे थांबलं. वेळेसाठी व्हीएमच्या क्रोनीला नोडचाच पत्ता दिला आहे आणि नोडवर ‘लोकल स्ट्रेटम १०’, म्हणजे नेट नसतानाही नोड आपलीच वेळ देत राहतो. नेट नसलं तरी सगळ्यांची घड्याळं एकमेकांशी जुळतात.

कुडाळचा नोड क्लस्टरमध्ये (एकत्र चालणाऱ्या नोडच्या गटात) घेतलेला नाही. क्लस्टरला अगदी कमी विलंबाचं जाळं लागतं. टेम्प्लेटचा व्हीझेडडम्प बॅकअप काहीशे एमबीचा होतो, तो पेनड्राइव्हवर जातो आणि तिथे रिस्टोअर केला की पुन्हा टेम्प्लेटच मिळतं.

नावडलेलं एकच: पानावर क्लाउड-इनिटचे मोजकेच रकाने आहेत. जास्तीचं हवं तर स्निपेट फाइल लिहावी लागते. ती दिली की पानावर भरलेलं वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड विचारातच घेतले जात नाहीत, आणि ती फाइल प्रत्येक नोडवर असावी लागते.

टेम्प्लेट दर महिन्याला स्क्रिप्टने नव्याने बनतं, नावात वर्ष आणि महिना असतो. वापरात घेण्याआधी दोन क्लोन काढायचे, राउटरची बाहेरची केबल उपसायची आणि दोन्ही सुरू करायचे. दोघांचे आयपी वेगळे, होस्ट किल्ल्या वेगळ्या आणि क्लाउड-इनिटची स्थिती ‘डन’ दिसली, तरच जुन्या टेम्प्लेटची जागा नव्याला मिळते.