मोठ्या मापाचा १२ मिमी कॅरम बोर्ड : मुंबईच्या हवेत कितपत चालतो?

धोबी तलावला मेट्रो सिनेमाच्या आसपास खेळाच्या सामानाची दुकानं आहेत. तिथे कॅरम बोर्ड मागितला की काउंटरवरचा माणूस आधी विचारतो, "किती एमएम?" म्हणजे प्लायची जाडी किती: आठ, बारा, सोळा, वीस. आकडा चढेल तसा भाव चढतो, आणि गिऱ्हाईकही प्लायवर टकटक करून समाधानाने मान डोलावतं. खरं तर या एका आकड्यावरून बोर्ड घेणं म्हणजे गादी बघून पलंग घेण्यासारखं आहे. बोर्ड खेळतो तो चौकटीवर. चौकट ढिली असेल तर वीस एमएमचा प्लायही फुकट.

हा मजकूर पूर्ण मापाच्या, म्हणजे स्पर्धेच्या मापाच्या १२ मिमी बोर्डाबद्दल आहे. खेळण्यांच्या दुकानात मिळणारे वीस-सव्वीस इंची बोर्ड यात धरलेले नाहीत. त्यांच्यावर हात बसवला तर मोठ्या बोर्डावर प्रत्येक कट चुकतो, कारण अंतरं आणि कोन दोन्ही वेगळे.

आधी मापं. खेळायची जागा ७३.५ ते ७४ सेमी चौरस. पॉकेटचा व्यास ४.४५ सेमी. स्ट्रायकर जास्तीत जास्त ४.१३ सेमी व्यासाचा आणि १५ ग्रॅम वजनाचा. सोंगटी ३.०२ ते ३.१८ सेमी, वजन ५ ते साडेपाच ग्रॅम. बेसलाइन, म्हणजे स्ट्रायकर ठेवून मारायची रेषा, ४७ सेमी लांब. प्लाय किमान ८ मिमी असावा एवढंच नियम सांगतो. चौकटीची रुंदी अडीच ते तीन इंच. दुकानात जाताना खिशात मोजपट्टी ठेवा. सोंगटी पॉकेटमध्ये सव्वा सेमी सैल जाते, स्ट्रायकर मात्र जेमतेम तीन मिमी. पॉकेट थोडं मोठं कापलेलं असेल तर घरी सगळे शूर होतात आणि स्पर्धेत तोंडावर आपटतात.

मग बारा मिमीच का? प्लायला मुख्य आधार चारी कडांना असतो, मधे ७४ सेमीचा पसारा. आठ मिमीचा प्लाय नवा असताना उत्तम चालतो, पण दोन पावसाळ्यांत मध्यभागी पोट सोडू लागतो. एक-दोन मिमीचा खोलगा डोळ्यांना दिसत नाही, हळू मारलेल्या सोंगटीला मात्र दिसतो. ती शेवटच्या चार बोटांत मधल्या वर्तुळाकडे वळते. बारा मिमीत हा त्रास बराच कमी होतो. सोळाच्या पुढे खेळात फरक जाणवत नाही, पाठीला मात्र जाणवतो. आठचाच घ्यायचा असेल तर बोर्ड उलटा करून खालच्या आडव्या पट्ट्या बघा. त्या नुसत्या खिळ्यांनी ठोकलेल्या असतील तर पुढच्या बोर्डाकडे वळा.

आता चौकट. लाकूड जड आणि कडक हवं. शिसव उत्तम, बाभळीचंही चालतं. हलक्या लाकडाला गडद पॉलिश मारून शिसव म्हणून खपवणारे आहेतच, त्यावर नखाने खूण पडते का ते पाहावं. स्ट्रायकर आदळल्यावर नेमका, कोरडा "टक्" आवाज आला पाहिजे. "थड" किंवा खडखड आली तर चौकट आणि प्लाय यांच्यात पोकळी आहे किंवा स्क्रू सैल आहेत. चारही बाजूंना चार-चार ठिकाणी मारून ऐका. एका बाजूचा आवाज वेगळा आला तर त्या बाजूचा रिबाउंड, म्हणजे चौकटीवरून परत येणारी उसळी, मेलेला असतो, आणि डबल (चौकटीवर आपटून घेतलेला फटका) मारणाऱ्याचा निम्मा खेळ तिथेच संपतो.

रिबाउंडची परीक्षा साधी आहे. बेसलाइनच्या बरोबर मध्यावरून समोरच्या चौकटीवर काटकोनात मारा. स्ट्रायकर त्याच रेषेने परत आला पाहिजे. सतत एकाच अंगाला सरकत असेल तर चौकट समांतर नाही. खात्री करायची तर दोन्ही कर्ण मोजा: ७४ सेमीच्या बोर्डाचा कर्ण कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साधारण १०४.६ सेमी भरतो. कोपरा पॉकेटमुळे कापलेला असतो, म्हणून प्रत्यक्षात दोन्ही कर्ण एकमेकांशी ताडून पाहिले की पुरे. फरक अर्ध्या सेमीचा निघाला तर बोर्ड परत. सपाटीसाठी जाड दोरा कर्णात ताणून धरा आणि खाली मोबाइलचा टॉर्च लावा. मधे उजेडाची फट दिसली की पोट आहे, दोरा मधेच उचलला गेला की कुबड आहे. दुकानदार कुरकुरेल. कुरकुरू द्या.

गुळगुळीतपणाचीही एक जुनी कसोटी आहे. पावडर टाकून १५ ग्रॅमचा स्ट्रायकर पूर्ण ताकदीने मारला तर त्याने बोर्डाची लांबी साडेतीन वेळा कापली पाहिजे. ही अट बहुतेक नवे बोर्ड पार करतात. खरा दोष हळू फटक्यात सापडतो. वरच्या लॅकरचा (चकचकीत लेपाचा) थर जाड असेल तर पावडरीच्या बारीक गोळ्या होतात आणि सोंगटी घसटत जाते. दुसरी गोष्ट रेषांची. छपाईची शाई वर उठलेली असेल तर बेसलाइनवरून बोट फिरवताच खरखर लागते. बेसलाइनवर टेकलेली सोंगटी हळूच ढकलली की त्या उंचवट्यावर किंचित तिरपी होते. स्वस्त बोर्डांत हा दोष सर्रास असतो, आणि त्याला उपाय नाही.

सोंगट्यांवर बहुतेक जण पैसे वाचवतात, तिथे वाचवू नयेत. एकोणीस सोंगट्या सपाट काचेवर ओळीने मांडून वरून पट्टी फिरवा. जाडीतला फरक लगेच कळतो. ओळखीच्या सोनाराकडे वजन करून घेतलंत तर अजून बरं. हलकी-जड सोंगटी एका सेटमध्ये आली की ब्रेक एका बाजूला फुटतो, आणि दोष मारणाऱ्याच्या हातावर येतो. प्लास्टिकच्या सोंगट्या पावसात फुगत नाहीत हे खरं, पण त्यांची उसळी वेगळी असते आणि त्या लाकडासारख्या दबून बसत नाहीत. राणीचा रंग हाताला लागत असेल तर पुढे तो पांढऱ्या सोंगट्यांनाही लागणार. स्ट्रायकर घेताना कडेवरून नख फिरवा. कडेला टवका उडालेला स्ट्रायकर प्लायवर ओरखडे पाडतो, आणि त्या ओरखड्यात पावडर बसून पांढरी रेघ कायमची राहते.

पावडर बोरिकचीच हवी. तिच्यावरून सोंगटी सहज घसरते, म्हणून वेग मिळतो. टाल्कम वापरणाऱ्यांचं दुःख वेगळंच: पहिली दोन मिनिटं छान, मग सगळं चिकट. चिमूटभर पावडर मध्यभागी टाकून सुती कापडाने पसरवायची. मूठभर टाकली की सोंगटी थांबायचं नावच घेत नाही, आणि पंखा चालू असेल तर घरभर पांढरं होतं. बोरिक पोटात जाता कामा नये. घरात रांगतं मूल असेल तर डबी वरच्या फळीवर आणि खेळून झाल्यावर लादी पुसून घ्यावी. बोर्डाला मात्र ओलं फडकं कधीच लावायचं नाही.

मुंबईत बोर्डाचा खरा शत्रू जून ते सप्टेंबर हा काळ आहे. पावडर दमट होऊन गुठळ्या धरते, सोंगट्या फुगतात, कोपऱ्यांतले सांधे उघडतात. पावडरीची डबी घट्ट झाकणाची हवी, आणि सोंगट्यांच्या डब्यात चपलांच्या खोक्यातली सिलिकाची पुडी टाकली तरी भागतं. बोर्ड भिंतीला तिरका टेकवून ठेवायची सवय सगळीकडे आहे, आणि बोर्ड वाकण्याचं मोठं कारण तेच आहे. एकतर सरळ उभा, तळकड पूर्ण टेकेल असा, नाहीतर आडवा पलंगाखाली. बाहेरच्या ओल येणाऱ्या भिंतीपासून दूर. सांध्यात नखाएवढी फट पडली तर स्वतः फेविकॉल भरू नका, पाऊस सरला की ती बऱ्याचदा आपोआप मिटते. भरलेली फट पुन्हा मिटत नाही, आणि मग कोपरा कायमचा चुकतो.

नेण्याआणण्याचाही विचार आधी करा. चौकटीसकट बोर्ड जवळपास तीन फुटांचा आणि दहा किलोच्या पुढचा. धोबी तलावला रिक्षा नाही. टॅक्सीच्या कॅरिअरवर बांधायचा तर पॉकेटच्या जाळ्यांतून दोरी घालू नका, जाळी फाटते आणि कडेचं लाकूडही. लोकलने न्यायचा असेल तर सामानाच्या डब्यातून, आणि संध्याकाळी पाचच्या आत.

मोबाइलवरचं कॅरम खेळून आलेल्या पोरांना हे सगळं अवडंबर वाटेल. तिथे चौकट कधी वाकत नाही, पावसाळा येत नाही आणि स्ट्रायकर नेम धरून जातो. खऱ्या खेळाला मान कमी, हेही खरं. मुंबईचे प्रशांत मोरे २०१६ साली बर्मिंगहॅमला विश्वविजेते झाले; आज कट्ट्यावर त्यांचं नाव विचारा, किती जण सांगतील? आणि आता बीडीडीसारख्या चाळी जाऊन १६० चौरस फुटांच्या खोल्यांच्या जागी ५०० चौरस फुटांची घरं मिळताहेत. ती मिळालीच पाहिजेत. फक्त पिंपावर बोर्ड आणि वर टांगलेला बल्ब मावेल अशी गॅलरी टॉवरच्या नकाशात नसते. सोसायटीच्या खोलीत बोर्ड ठेवायचा असेल तर रीतसर स्टँड घ्या, ६३ ते ७० सेमी उंचीचा, चारही पाय स्वतंत्र खालीवर करता येणारा. नव्या टाइल्सही वाटतात तितक्या सपाट नसतात. बोर्डावर पाणसळ ठेवून पाय जुळवायचे. पाणसळ नसेल तर एक गोटी चालेल.

दिवा शेवटी घेतला जातो आणि चुकीचा घेतला जातो. छताची ट्यूबलाइट एका बाजूने पडते. चौकट जवळपास दोन सेमी उंच, त्यामुळे तिच्या सावलीत चौकटीला चिकटलेली काळी सोंगटी दिसतच नाही, आणि ती दिसली नाही की फटका अर्धा जातो. दिवा मधल्या वर्तुळाच्या बरोबर वर हवा, पत्र्याची टोपी घातलेला, बसल्यावर डोळ्यांत न येणारा. वायर लांब ठेवा आणि छताला हूक मारताना बोर्ड खाली ठेवूनच मारा. आधी हूक आणि मग बोर्ड असं केलं तर दिवा हमखास चार बोटं बाजूला येतो, आणि पुढची पाच वर्षं एकाच पॉकेटमध्ये सावली पडते.