‘घशाचं मशीन’ घरी येऊन विकणाऱ्यांपासून सावध राहा (ठाणे)

सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि गिळणंच बंद झालं. हॉस्पिटलने नाकातली नळी ठेवूनच घरी सोडलं. असा पेशंट घरात असला की सगळ्यांच्या डोक्यात एकच, ही नळी निघणार कधी? ठाणे-कळवा भागात घरपोच ‘गिळण्याची थेरपी’ विकणारे नेमकं हेच हेरतात.

आमच्याकडे आला तो पांढऱ्या कोटात, बोलायला एकदम गोड. गळ्याला पॅड चिकटवायचे, हलका करंट द्यायचा, स्नायू जागे होतात. मशीन 62,000 रुपयांना, थेरपी फुकट. थाप पूर्ण खोटी नाही, म्हणूनच ती पचते. गिळण्याच्या स्नायूंना करंट देणारी यंत्रं खरोखर आहेत. पण ती वापरतात प्रशिक्षित स्पीच थेरपिस्ट, तेही आधी तपासणी करून आणि व्यायामाच्या जोडीला. आमच्या गळ्यात मारलं ते टेन्स, कंबर-गुडघेदुखीवर लावतात ते. गळ्याच्या पुढच्या बाजूला त्याचे पॅड लावू नका, अशी सूचना टेन्सच्या माहितीपत्रकात असते. स्वरयंत्राचे स्नायू आवळून श्वास कोंडू शकतो. आमच्या खोक्यात माहितीपत्रकच नव्हतं!

‘एफडीए’चं सर्टिफिकेट मात्र होतं, गरुडाचं चित्र असलेलं. घरातल्यांना वाटलं, आपलं अन्न व औषध प्रशासन. होतं अमेरिकेच्या नावाचं. आणि अमेरिकेची एफडीए उपकरणांच्या नोंदणीची अशी सर्टिफिकेटं देतच नाही. कंपनीने तिथे नाव नोंदवलं म्हणजे मशीनला मान्यता मिळाली, असंही नसतं.

पैशांचं एक वेळ सोडा. खरा घात पुढे झाला. पाण्याच्या घोटाला बाबांना लागणारा ठसका थांबला. “बघा, ठसका गेला! आता बिनधास्त तोंडाने द्या,” असं त्याने आईंना, म्हणजे सासूबाईंना, फोनवर सांगितलं. त्यांनी आनंदाने पेज भरवली. मग ताप, छातीत घरघर, आणि न्यूमोनिया होऊन बाबा पुन्हा ॲडमिट.

तिथे कान-नाक-घसा डॉक्टरांनी नाकातून बारीक कॅमेरा घालून बाबांना रंगीत घास गिळायला दिला. तो श्वासनलिकेत उतरताना आम्ही स्क्रीनवर पाहिला, आणि बाबा साधे खोकलेही नाहीत. झटक्यानंतर घशाची संवेदनाच बोथट होऊ शकते. ठसका न लागणं हे तेव्हा बरं होण्याचं नव्हे, तर धोक्याचं लक्षण असू शकतं. ही कॅमेऱ्याची तपासणी 1988 पासून माहीत आहे. दुसरी बेरियम पाजून एक्स-रेखाली करतात. त्या माणसाने दोन्हींपैकी एकीचंही नाव काढलं नव्हतं. तपासणी झाली असती तर मशीन विकलं गेलं नसतं, इतकं साधं गणित.

कोणी घरी आलंच, तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. स्पीच थेरपिस्टकडे तो असतो. आम्ही नंतर मागितला तेव्हा “कंपनीचं ट्रेनिंग झालंय” एवढंच उत्तर आलं, आणि मग नंबर ब्लॉक.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, जिल्हा ग्राहक आयोगाचे कागदही जमवतोय. अडचण बिलाची आहे. त्यावर मशीनचं नाव नाही, मॉडेल नाही, जीएसटी क्रमांक नाही. नुसतं ‘फिजिओ साहित्य’ लिहिलंय, आणि खाली ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’.