व्हीएलसी प्लेयर: माझ्या दुकानातलं रोजचं हत्यार

महाल भागात माझं जुन्या लग्नाच्या कॅसेट आणि सीडी पेनड्राइव्हवर उतरवून देण्याचं दुकान आहे. ओरखडे पडलेल्या व्हीसीडी, बोटांचे ठसे उमटलेल्या डीव्हीडी, कुणीतरी अर्धवट कॉपी केलेल्या फाइली असं सगळं येतं. आधी व्हीएलसीमध्येच लावून बघतो. व्हीसीडीतली डॅट फाइल थेट उघडते. तुटकी एव्हीआय फाइल असली तरी जेवढी शाबूत आहे तेवढी बहुतेक वेळा दिसते. मंगलाष्टकं चित्राच्या पुढे धावत असली तर जे आणि के ही दोन बटणं दाबून आवाज तिथल्या तिथे जुळवता येतो. वेगळा कोडेक, म्हणजे त्या-त्या प्रकारची फाइल वाचणारा जोडप्रोग्रॅम, शोधत बसावं लागत नाही, जाहिराती नाहीत, पैसेही नाहीत.

पैसे का नाहीत, हे गिऱ्हाईक नेहमी विचारतात. पॅरिसच्या एकोल सांत्राल कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी १९९६ साली सुरू केलेल्या प्रकल्पातून हा प्लेयर आला, २००१ साली त्याचा कोड जीपीएल या, कुणालाही तो वापरू आणि बदलू देणाऱ्या परवान्याखाली खुला झाला. पण व्हिडिओ दाबून कमी जागेत बसवण्याच्या एमपीईजी-२, एच.२६४ अशा पद्धतींवर पेटंट घेतलेली होती आणि डिकोडरच्या, म्हणजे असा दाबलेला व्हिडिओ उलगडून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, प्रत्येक कॉपीमागे रॉयल्टी मागितली जायची. विंडोज ८ मधून डीव्हीडी चालवण्याची सोय गेली, त्यामागे हाही खर्च होता. फुकट वाटणाऱ्यांनी तो कुठून भरायचा? व्हीएलसी बनवणारी व्हिडिओलॅन संस्था फ्रान्समध्ये आहे, आणि तिथल्या कायद्यात सॉफ्टवेअरला पेटंट नाही, अशी तिची ठाम भूमिका आहे.

युरोपियन पेटंट कराराचं कलम ५२ प्रोग्रॅमला शोध मानत नाही, पण ‘निव्वळ प्रोग्रॅम’ असेल तरच. या पळवाटेतून, प्रोग्रॅमचा काही तांत्रिक परिणाम दाखवला की युरोपियन पेटंट ऑफिस पेटंट देत आलं आहे. ही वाट कायद्यानेच पक्की होईल अशी भीती ज्या नव्या कायद्याच्या मसुद्याबद्दल होती, तो युरोपियन संसदेने ६ जुलै २००५ रोजी ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला. आपल्याकडेही तेच घडलं: २००४ च्या डिसेंबरात अध्यादेशाने पेटंट कायद्याचं, प्रोग्रॅमला पेटंट नाकारणारं कलम ३(के) सैल केलं, आणि २००५ मध्ये संसदेने तो बदल गाळला.

पेटंट नसेल तर संशोधनात पैसा कोण घालेल, असं विचारतात. कॉम्प्रेशनचं, म्हणजे व्हिडिओ दाबण्याचं, गणित बसवणाऱ्यांची मेहनत मोठी आहे, मला रोज तिचा उपयोग होतो. पण लिहिलेल्या कोडला कॉपीराइट आहेच. पेटंट मात्र एकही ओळ न उचलता, स्वतःच्या डोक्याने लिहिणाऱ्यालाही अडवतं. व्हीएलसीसारखं काम करणाऱ्या पोरांच्या वाटेत असा अडसर असू नये, असं मला मनापासून वाटतं.

आता उणिवा. फाइलचा प्रकार बदलून देण्याची सोय किचकट आहे, त्या कामाला मी हँडब्रेक नावाचं सॉफ्टवेअर वापरतो. टेपवरून आलेल्या चित्रात आडव्या रेघा दिसल्या तर त्या घालवणारं डीइंटरलेस कधीकधी हाताने चालू करावं लागतं, आणि तो पर्याय मेनूत नवख्याला लवकर सापडत नाही.

पाचपैकी साडेचार. डाउनलोड फक्त व्हिडिओलॅनच्या अधिकृत साइटवरूनच करा. २०२२ मध्ये ती भारतात काही महिने बंद होती, त्याच वर्षी नोव्हेंबरात पुन्हा सुरू झाली. भलत्या साइटवरून घेतलं तर सोबत नको ते सॉफ्टवेअरही येऊ शकतं.