सराव कशाचा करावा: सिस्लेचा पूर की मोनेचे पॉप्लर?

भाची तैलरंग शिकतेय. सरावाला नदीकाठचं एकच चित्र घ्यायचंय आणि दोनांवर अडलीय: सिस्लेचं पोर्ट-मार्ली गावातला पूर (1876) आणि मोनेच्या एप्त नदीकाठच्या पॉप्लर (उंच, सरळ वाढणारी झाडं) मालिकेतलं (1891) एखादं. दोघेही फ्रान्समधले इम्प्रेशनिस्ट, म्हणजे बदलता उजेड टिपणारे चित्रकार.

रेखाटन: सिस्लेकडे डावीकडची दारूविक्रेत्याची इमारत नीट उभी करावीच लागते, ती कलली की चित्र बुडालं. मोनेकडे उभी खोडं आणि मागे शेंड्यांचं वळण, एवढंच. सोपं वाटतं, पण सगळी मदार रंगावर येते.

रंग: सिस्लेचं राखाडी आभाळ आणि त्याचंच पाण्यातलं प्रतिबिंब. पांढऱ्यात थेट काळा मिसळला तर सिमेंट होतं; निळा आणि तपकिरी मिसळून करड्या छटा काढाव्यात. मोनेचे रंग शुद्ध, शेजारी शेजारी ठेवलेले. घोटले की चिखल.

वेळ: मोनेला तरी कुठे पुरला? झाडं तोडली जाणार होती. चित्रं होईपर्यंत ती राहावीत म्हणून त्याने लाकूड व्यापाऱ्याला पैसे दिले.

छटांची फिकट-गडद जाण कच्ची असेल तर सिस्ले घे. रंग लावताना हात घाबरत असेल तर मोने. भाचीचं आभाळ नेहमी एकसुरी निळं असतं, म्हणून तिला सिस्लेच.