मिक्सरचं चटणीचं भांडं: आठ महिने, चौदा डबे

मिक्सर घेतला तेव्हा दुकानदार मोठ्या भांड्याचंच कौतुक सांगत होता. दीड लिटरचं, ज्यूसचं, वर काचेसारखं झाकण. ते भांडं मी आठ महिन्यांत चारदा काढलं असेल, त्यातलं दोनदा गणपतीत. रोज हातात असतं ते सगळ्यात लहान, ४०० मिलीचं. त्याच्याबद्दल बेळगावच्या खडेबाजारातल्या त्या दुकानात कुणी एक शब्द बोललं नव्हतं. म्हणून मी लिहिते.

आधी माझं सांगते, म्हणजे भांड्यावर ताण किती पडतो ते कळेल. मी वडगावात राहते आणि चौदा डबे करते. आठ उद्यमबागेतल्या कामगारांचे, सहा कॉलेजच्या पोरांचे. भाजी एखाद्या दिवशी बेताची झाली तर कुणी बोलत नाही. चटणी राहिली की फोन येतो. पोरांत निम्मी कन्नड बोलणारी, त्यांचं रोजचं एकच, “अक्का, खारा कडिमी हाक्री,” म्हणजे तिखट कमी घाला. कामगारांना त्याच चटणीत तिखट जास्त पाहिजे. म्हणजे रोज सकाळी दोन चटण्या आल्याच.

खोबऱ्याच्या ओल्या चटणीला हे भांडं एक नंबर. ४०० मिली म्हणतात, पण अर्ध्याच्या वर भरलं की खालचं वाटतं आणि वरचं नुसतं बघत बसतं. माझ्या चौदा डब्यांची चटणी दोन घाण्यांत निघते. एका घाण्याला अर्धा नारळ, दोन मोठे चमचे फुटाण्याची डाळ (आमच्या दुकानात पुटाणी म्हणून मागायची), तीन मिरच्या, आल्याचा तुकडा, बोटभर चिंच आणि मीठ. आधी पुटाणी कोरडीच फिरवायची, मग बाकीचं, पाणी सगळ्यात शेवटी. पाणी पहिल्यांदाच ओतलं की पुटाणीचे कण दाताखाली येतात. आणि पाणी गार हवं. पातं इतक्या जोरात फिरतं की भांडं कोमट होतं, आणि कोमट झालं की खोबऱ्याचा तेलकटपणा सुटून वर तवंग येतो. हे मला तिसऱ्या महिन्यात कळलं. त्याआधी मी नारळवाल्याला शिव्या घालत होते. ही चटणी डोशाला, पड्डूला (म्हणजे आप्प्यांना), उप्पिटाला, कशालाही चालते. फोडणी मात्र डबा भरायच्या आधी घालायची, रात्री घालून ठेवलेला कढीपत्ता काळा पडतो.

डोशाला आतून फासायची लाल चटणी ही खरी परीक्षा. आठ ब्याडगी, दोन संकेश्वरी, पाच-सहा लसूण पाकळ्या, चमचाभर पुटाणी, चिंच, गुळाचा खडा. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी जिभेला. ब्याडगी हावेरी जिल्ह्यातली, २०११ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. घेताना शिक्का बघत बसू नका, सुरकुत्या बघा. ब्याडगीची साल चुरगळलेली असते. गुळगुळीत लाल मिरची कुणी ब्याडगी म्हणून देत असेल तर पुढच्या दुकानात जा. मिरच्या कढत पाण्यात वीस मिनिटं तरी भिजवायच्या. मी घाईत दहा मिनिटांत काढल्या तर सालीचे लाल कागद चटणीत तरंगत होते, आणि भांडं कितीही फिरवलं तरी ते कागदच राहिले. नीट भिजवलेल्या मिरचीची चटणी मात्र लोण्यासारखी होते. हीच चटणी थोडी पातळ करून तेलात परतली की रात्री अंड्याच्या रश्श्याला जमते. वेगळा मसाला वाटायला नको.

इथं एक गोंधळ सांगते. पुण्याकडचा एक मुलगा पहिल्या आठवड्यात म्हणाला, “काकू, चटणी थोडी जास्त द्या.” मी त्याच्या डब्यात कांदा-लसणाची कोरडी चटणी चमचाभर जास्त घातली. आमच्याकडं चटणी म्हणजे ती, डंकावर कांडून आणलेली, वर्षाची. त्याला पाहिजे होती हिरवी, कोथिंबिरीची. त्यानं भातावर पसरून खाल्ली बिचाऱ्यानं. दुसऱ्या दिवशी फोन त्याच्या आईचा.

हिरव्या चटणीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कोथिंबीर, मिरची, लिंबू, दोन चमचे शेंगदाणे, झालं. देठं घ्यायची, टाकायची नाहीत. ब्रेडला लावा, थालीपिठाला लावा. भांडं हे काम अर्ध्या मिनिटात करतं.

कॉलेजच्या पोरांनी मला मेयोनेज शिकवलं. शिकवलं म्हणजे, फोनवर दाखवलं आणि म्हणाले करून द्या. अंडं न घालता. पाव वाटी थंड दूध, अर्धी वाटी बिनवासाचं तेल, चिमूट मोहरीची पूड, मीठ, साखर, शेवटी लिंबू. दूध फ्रीजमधलंच पाहिजे. या भांड्याच्या झाकणाला तेल ओतायला भोक नाही, तेव्हा थांबून-थांबून, तीन-चार वेळा झाकण काढून तेल घालावं लागतं. एकदम ओतलं की फुटतं, ताकासारखं पातळ राहतं. पहिल्यांदा माझं तसंच झालं, ते मी पिठात मिसळून धपाटे केले, कुणाला कळलं नाही. जमलं की मात्र पांढरंशुभ्र, घट्ट येतं. त्यात लाल चटणीचा अर्धा चमचा फेटला की सँडविचचा सॉस तयार. बाजारची बाटली तेव्हापासून आणली नाही. दोन दिवसांच्या वर ठेवत नाही.

टोमॅटो सॉसनं मात्र छताला डाग पाडला. एक किलो पिकलेले टोमॅटो शिजवले आणि गरम-गरम भांड्यात घालून झाकण दाबून बटण फिरवलं. वाफेला जायला जागा नाही. झाकण उडालं, सगळं वर. डाग अजून आहे, सासूबाई पाहुण्यांना दाखवतात. चूक माझीच, पण भांड्याबरोबर आलेल्या कागदावर हे एवढ्या बारीक अक्षरात लिहिलंय की चष्मा लावूनही सापडलं नव्हतं. पूर्ण गार करून वाटायचं, गाळायचं, मग साखर, मीठ, थोडं तिखट आणि दोन चमचे व्हिनेगर घालून आटवायचं. किलोचा जेमतेम ३००-३५० ग्रॅम सॉस होतो. टोमॅटो स्वस्त असतील तेव्हाच परवडतो.

आता भांडं जिथं हरतं ते.

शेंगा चटणी. जोंधळ्याची भाकरी, दही आणि शेंगा चटणी हे आमचं रोजचं जेवण, त्यात तडजोड नाही. मिक्सरमध्ये पाच सेकंद जास्त झाले की शेंगदाण्याचा गोळा होतो आणि पात्याखाली चिकटून बसतो. उखळात तेल सुटतं तेव्हा दाणा थोडा जाडसरच राहतो, इथं पीठ आधी होतं आणि तेल मागनं येतं. मी आता शेंगदाणे पूर्ण गार करते, लसूण, जिरं, तिखट, मीठ आधी वेगळं फिरवते, मग दाणे घालून उलट्या बाजूच्या बटणावर फक्त झटके देते, दोन-दोन सेकंदांचे. बरी होते. बरीच म्हणते, चांगली म्हणत नाही. कारळ्याच्या चटणीला ही अडचण नाही, ती उलट मिक्सरवरच छान होते, फक्त कारळं मंद आचेवर भाजा, करपलं की कडू.

खर्डा या भांड्यात करूच नका. तव्यावर तेल, हिरव्या मिरच्या, लसूण, मूठभर दाणे, जाडं मीठ, आणि तिथंच तांब्याच्या बुडानं रगडायचं. मी एकदा वेळ वाचवायला मिक्सरमध्ये फिरवला. सासूबाई एक घास खाऊन म्हणाल्या, “मिक्सरात घातलीस की मिरची मरती बघ.” खरं आहे. हिरवा लगदा झाला होता.

रंजका मात्र जमतो, आणि हे मला वाटलं नव्हतं. ताज्या लाल मिरच्या येतात तेव्हा मी किलोभर घेते. धुऊन, पुसून, दिवसभर पंख्याखाली. ओलावा राहिला की बुरशी. मीठ सढळ हातानं, लसूण, थोडी मेथीची पूड. पाच घाणे काढले, मध्ये प्रत्येक वेळी भांड्याला दम दिला. शेवटी लिंबू पिळून बरणीत. वाटल्यावर भांड्याचं झाकण लगेच उघडू नका, वाफ नाकात गेली की अर्धा तास शिंका. खाताना वरून कच्चं तेल, सोबत भाकरी नाहीतर दहीभात.

टिकाऊपणाचं सांगायचं तर, चौथ्या महिन्यात खालचा कपलर, म्हणजे भांडं मोटरला जोडतो तो तुकडा, तुटला. सुकं खोबरं वाटत होते, एकदम घुर्र आवाज आणि पातं जागच्या जागी. दुकानात गेले तर म्हणाले कपलर वॉरंटीत येत नाही. मोटर येते, कपलर नाही. हे विकताना सांगायला तोंड दुखत होतं काय? मारुती गल्लीजवळच्या दुरुस्तीवाल्यानं ८० रुपयांत दहा मिनिटांत बसवून दिला आणि वर सांगितलं, “वैनी, सुकं खोबरं किसून घाला, तुकडे नको.” तेव्हापासून किसून घालते, तुटला नाही. मोटर एकदा गरम होऊन बंद पडली, तेव्हा मिक्सर उलटा करून खालचं लाल बटण दाबायचं असतं हे मला मुलानं दाखवलं. आधी दहा मिनिटं थांबायचं, मग दाबायचं.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जाऊबाईंकडं दुसऱ्या कंपनीचा आहे आणि रडगाणं हेच. माझा सल्ला, नवा मोठा मिक्सर घेण्यापेक्षा आहे त्यालाच आणखी एक लहान भांडं घ्या. मला ते ६५० रुपयांना पडलं. एक लसूण-मिरचीला, एक खोबरं आणि मेयोनेजला. लसणाचा वास भांड्यातून जातो, मूठभर तांदूळ फिरवले की झालं. झाकणाच्या वायसरमधून, म्हणजे आतल्या रबरी कड्यातून, जात नाही.

घेताना झाकण उलटं धरून हलवून बघा. वायसर खाली पडला तर ते परत ठेवा, दुसरं मागा. माझ्या दुसऱ्या भांड्याचा रोज चटणीत पडतो.